दवंडी, सांगावा आणि वस्तीचा फळा

१

खेड्यात बातमी कशी फिरते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पारावर चार माणसे बसतात, बाया पाणवठ्यावर भेटतात, बाजाराच्या दिवशी एका गावचे वर्तमान दुसऱ्या गावाला जाते. त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. आपल्या ग्रामीण कथाकारांनी हा पार आणि हा पाणवठा इतक्या वेळा रंगविला आहे की, खेड्यातील बातमी म्हणजे काहीतरी मोकळी, सर्वांच्या मालकीची वस्तू आहे असा आपला समज होऊन बसला आहे. परंतु पारावर कोणाला बसता येत होते आणि पाणवठा कोणाचा होता, हे एकदा विचारले म्हणजे या चित्राचा रंग उडू लागतो. बातमी वाऱ्यावर जात नव्हती. ती कोणाच्या तरी पायांवर जात होती. ते पाय कोणाचे होते, त्या चालण्याचे त्यांना काय मिळत होते, आणि त्या पायांच्या धन्याची स्वतःची बातमी कोठे जात होती, एवढे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आजही ग्रामसभेची तारीख वस्तीला कळते की नाही, घरकुलाच्या यादीची मुदत कोणाच्या कानावर जाते आणि कोणाच्या जात नाही, यावर माणसांचे हक्क उभे राहतात किंवा बुडतात. आणि आजची ही कोंडी समजून घ्यावयाची असेल तर कालची बातमी कशी चालत होती, तेथूनच सुरुवात केली पाहिजे.

२

जुन्या गावगाड्यात बातमी पोहोचविणे हे काम होते, आणि इतर सर्व कामांप्रमाणे तेही जातीवर लादलेले होते. महाराच्या वाट्याला गावकीची जी कामे आली होती, त्यांत निरोप पोहोचविण्याच्या कामाचा वाटा फार मोठा होता. चावडीची झाडलोट, वेशीची राखण, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत नेणे, सरकारी वसुलाचा भरणा तालुक्याला पोहोचविणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे; आणि या सर्वांबरोबर दवंडी, बोलावणे आणि मर्तिकाचा सांगावा. कोणाचे घरी पाटलाने बोलावले आहे, पट्टी कधी भरावयाची आहे, साहेबाचा मुक्काम केव्हा आहे, हे सारे घरोघर सांगत फिरावयाचे. काही गावांत दवंडीचे काम मांगाकडे असे आणि त्याच्या हातात हलगी असे. काही ठिकाणी नुसत्या आवाजावर काम भागे. वाद्य कोणते आणि जात कोणती, यात मुलखामुलखाचा फरक होता. सांगणारा वेशीबाहेरचा आणि ज्यांना सांगावयाचे ते वेशीच्या आतले, यात मात्र फरक नव्हता.

या कामाची पाळी असे. पाळी ज्याच्याकडे आली तो येसकर किंवा तराळ. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथेला १९८१ साली ‘तराळ-अंतराळ’ असे नाव दिले, त्यातील पहिला शब्द तो हाच. शहरात वाढलेल्या आजच्या वाचकाला तो शब्दकोशात पाहावा लागेल. परंतु वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना तो अंगावरच्या वळाप्रमाणे आठवतो. तराळाला रात्र आणि दिवस नव्हता. पाऊस नव्हता, ऊन नव्हते, घरात आजारी कोण आहे याचीही विचारणा नव्हती. चावडीवरून हाक आली की उठायचे.

त्यातही मर्तिकाचा सांगावा हे सर्वांत कष्टाचे काम. गावात कोणी गेले की त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना कळवावे लागे. लेकी दिलेल्या गावांना, मामाच्या गावाला, भावकी पांगली असेल तेथे. अंतर दहा मैल असो की वीस मैल, तराळ पायी निघे. पोहोचल्यावर त्या घराच्या ओसरीवर त्याला चढता येत नसे. तो अंगणाबाहेर उभा राहून ओरडून सांगे. ज्या घरात त्याच्या शब्दाने आकांत उठे, त्या घराला त्याचा स्पर्श मात्र चालत नसे. दुःखाची बातमी त्याच्या तोंडून घ्यावयाची आणि पाणी मात्र वरून ओतायचे, तेही मिळाले तर. मग तो तसाच परत फिरे.

या साऱ्याचा मोबदला काय? सरकारकडून नाममात्र, म्हणजे बहुतेक नाहीच. वतनाची जमीन होती, ‘हाडोळा’ म्हणून तिला ओळखत. ती पिढ्यान् पिढ्या वाटून वाटून इतकी लहान झाली होती की, तीवर घर चालणे अशक्य होते. खळ्यावर बलुते मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. आणि पाळीच्या येसकराला संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागण्याचा ‘हक्क’ होता. भीक हीच जेव्हा हक्क म्हणून सांगितली जाते, तेव्हा ती देणाऱ्याला दानाचे पुण्य मिळते आणि घेणाऱ्याच्या हातून नाही म्हणण्याची शक्तीच काढून घेतली जाते. इंग्रजी अंमलाने हे मोडले नाही. १८७४ च्या वतन कायद्याने त्याला उलट कायद्याची चौकट मिळाली. वतन एकट्याचे नव्हते, साऱ्या महारवाड्याचे होते. म्हणून कामाची जबाबदारीही साऱ्या महारवाड्यावर होती, आणि काम नाकारले तर बलुते बंद, वाट बंद, दुकान बंद.

३

माझा आजा तराळकी करीत होता. आमचे गाव माणदेशाच्या कडेचे, पावसाने कायम पाठ फिरविलेले. मी आजाला फार थोडा पाहिला. त्याच्या गोष्टी मला आजीने सांगितल्या. ती सांगे, ‘‘तुजा आजा गावच्या मयतासाठी कुटंकुटं हिंडला त्येची मोजदाद न्हाई. पर त्येचा सख्खा भाव गेला तवा सांगाया कुनी न्हवतं. त्योच गेला, त्येनंच सांगितलं, आन् त्योच माघारी येऊन खांदा दिला.’’

या एका वाक्यात सारी व्यवस्था आहे. ज्याने साऱ्या गावाची मरणे मुलखाला कळविली, त्याच्या घरचे मरण ही गावाच्या लेखी बातमीच नव्हती. पाटलाच्या घरी मूल झाले तर ती बातमी. महारवाड्यात पटकीने घरे ओस पडली तर ती बातमी नव्हे, ती फार तर गावाच्या दृष्टीने एक भीती. वाहक बातमीच्या आत कधीच नव्हता. त्याला सर्व काही ठाऊक असे. कोणाची शीव कोठे आहे, कोणाचे कर्ज किती आहे, कोणाच्या घरात कोणता कलह आहे. शिवेच्या वादात त्याची साक्ष निर्णायक मानीत, म्हणजे त्याच्या स्मरणशक्तीवर गावाचा विश्वास होता. परंतु जे ठाऊक आहे त्यावर स्वतः होऊन बोलण्याचा अधिकार त्याला नव्हता. दुसऱ्याचे शब्द बोलणारे तोंड म्हणून तो गावाला हवा होता. स्वतःचे शब्द बोलू लागताच तो माजला.

येथे दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बातमी ज्यांच्या ताब्यात असते, ते खोट्या बातमीनेही माणसे मारू शकतात. महाडचेच उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परिषदेचे लोक परतले, आणि हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी आवई गावात उठविण्यात आली. असा कोणताही बेत नव्हता. परंतु आवई उठली, जमाव जमला आणि जेवायला बसलेल्या, गावाकडे परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर काठ्या पडल्या. आसपासच्या खेड्यांतही ती बातमी पोहोचली आणि परतणाऱ्यांना वाटेत गाठले गेले. दवंडी देणारे पाय आपले असले तरी दवंडीतील मजकूर आपला नव्हता, याचा याहून कडवट पुरावा हवा आहे काय?

४

म्हणूनच आपल्या चळवळीत वृत्तपत्राला जे स्थान मिळाले, ते नुसत्या प्रचाराच्या सोयीमुळे नव्हे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढले. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी पदरमोड करून पत्रे चालविली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, त्याला शाहू महाराजांचे साहाय्य झाले. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’, आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’. या नावांची उजळणी आपण जयंतीच्या भाषणांत नेहमी करतो. परंतु या पत्रांनी खेड्यातील बातमीच्या व्यवहारात नेमका काय बदल केला, हे सहसा सांगितले जात नाही.

पहिला बदल असा की, वाहक हाच बातमीचा विषय झाला. अमुक गावी विहिरीवर मारहाण झाली, तमुक गावी मेलेले ढोर ओढण्याचे नाकारल्यावरून बहिष्कार पडला, कोठे सभा झाली, कोठे शाळेत मुलाला बाहेर बसविले, कोठे कोण्या मुलाने परीक्षा दिली. मोठ्या शहरी पत्रांना या गोष्टींची दखल घ्यावीशी वाटत नव्हती. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे तर प्रसिद्धच आहे. अशा काळात ज्या गावाचे नाव तालुक्याच्या नकाशावर शोधावे लागे, त्या गावच्या महारवाड्याचे वर्तमान छापून येणे, याचा अर्थ आज कळणे कठीण आहे. गावाला प्रथमच कळले की, वेशीबाहेर जे घडते ते वेशीबाहेरच राहणार नाही. मारणाऱ्याचा हात त्यामुळे थांबलाच असे नाही. परंतु मारलेला माणूस निनावी राहिला नाही.

दुसरा बदल वाचण्याच्या रीतीत झाला. वस्तीत अंक एक आणि वाचता येणारा एखादाच. रात्री कंदिलाभोवती माणसे बसत आणि तो मोठ्याने वाचून दाखवी. ज्या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्याचा निरोप तोंडपाठ करून वाहिला होता, ती माणसे आता आपला निरोप ऐकत होती. ऐकलेले पाठ करण्याची त्यांची सवय येथे कामाला आली. एक अंक चार वस्त्यांना पुरे. ज्यांच्यापर्यंत अंक पोहोचत नसे, त्यांच्यापर्यंत जलसे पोहोचले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाच्याच ढंगात पाणी, शाळा, मेलेले मांस आणि वतन हे विषय खेड्याखेड्यांत नेले. तीच गावकुसाबाहेरची माणसे, तोच खडा आवाज. परंतु मजकूर आता चावडीचा नव्हता.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. निरोप वाहण्याच्या सक्तीलाच प्रश्न विचारला गेला. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’त महारांच्या वतनाची चिकित्सा केली आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे कोणती ते ठरवून द्यावे, बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा, आणि ज्याला नोकरी नको असेल त्याला पूर्ण आकार भरून जमीन राखता यावी, असा त्याचा गाभा होता. मागणी साधी होती: आमच्या पायांची किंमत ठरवा, नाही तर आमचे पाय आम्हाला परत द्या. विधेयकाची वाट बिकट झाली आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. पुढे वतनी जमिनीवरील जुडीचा प्रश्न आला, १९३९ साली हरेगावला वतनदारांची परिषद झाली, आणि अखेर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली.

५

वतन गेले, हे चांगलेच झाले. परंतु ते कसे गेले हेही सांगितले पाहिजे, कारण बातमीचा आपला विषय तेथे पुन्हा पुढे येतो. कायद्याने जमीन सरकारजमा झाली आणि ठराविक रक्कम भरल्यावर ती मूळ वतनदाराला परत देण्याची तरतूद झाली. रक्कम भरण्यास मुदत होती. आता ही मुदत कोणी कोणाला सांगावयाची? इतकी वर्षे सरकारी निरोप घरोघर नेणारा जो तराळ, त्याच्याच घरचा हा निरोप होता, आणि तो घेऊन कोणीही आले नाही. आमच्या वस्तीतील दोन घरांना मुदतीची गोष्ट कळली ती मुदत उलटून गेल्यावर. पुढे मुदती वाढल्याही. परंतु तोवर तो तुकडा सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या नांगराखाली गेला होता, आणि एकदा नांगर फिरला की कागद मागे पडतो. त्या घरांतील मुले मग पुण्यामुंबईला गेली. गावाने म्हटले, यांना शेतीची आवडच नाही.

याच सुमारास घडलेली आणखी एक आठवण सांगतो. वतन अजून रद्द झाले नव्हते. डिसेंबर १९५६. सहा तारखेला दिल्लीत बाबासाहेब गेले. रात्री पार्थिव विमानाने मुंबईला आणले, सात तारखेला दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाला. आमच्या गावात ही बातमी तालुक्याहून परतलेल्या वस्तीतल्याच एका माणसाने आणली. आधी कोणी विश्वास ठेवला नाही. दोन महिन्यांपूर्वीच, १४ ऑक्टोबरला, नागपूरची दीक्षा झाली होती. वस्तीत त्याच त्या गोष्टी चालल्या होत्या. पोरे निघाली मुंबईला. ती पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते.

आजा त्या रात्री जेवला नाही. त्याने काठी घेतली आणि आसपासच्या तीन वस्त्यांना सांगायला निघाला. चावडीवरून हाक आलेली नव्हती, पाळीही त्याची नव्हती. आजी म्हणे, ‘‘जन्मभर मयताचा सांगावा दाराभाईर हुबा ऱ्हाऊन सांगितला त्येनं. त्या राती घरात जाऊन, बसून सांगितला.’’ पहाटे तो परतला. त्यानंतर गावच्या मर्तिकाला तो कधी गेला नाही. पाटलाचा माणूस एकदा बोलवायला आला, तेव्हा ‘‘आता कारडं लिवा’’ असे त्याने सांगितले म्हणतात. तेव्हा पोस्टकार्डे गावात येऊ लागली होतीच. कोपरा फाटलेले कार्ड दिसले की माणसे मजकूर वाचण्यापूर्वीच समजत. तारेची सोय तालुक्याला होती. ती तारही २०१३ साली बंद झाली. म्हणजे गावाचे काम अडले नाही. ते अडेल, हा धाक घालूनच माणसे राबविली गेली होती.

६

वतनाच्या जागी पगारी कोतवाल आला. जन्माने मिळणाऱ्या सक्तीच्या जागी नेमणूक आली, हा फरक लहान नाही. तरी हे पद बराच काळ त्याच घरांत राहिले आणि मानधनासाठी कोतवालांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. २०२५ साली शासनाने या पदाचे नाव ‘महसूल सेवक’ असे केले. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय झाला. नावे बदलावीत, ती बदललीच पाहिजेत. परंतु भीमनगर, समतानगर असे नाव लागलेल्या वस्तीपर्यंत दवंडी येते काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आज कायद्याने ग्रामसभा ही गावाच्या कारभाराची जागा आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अंमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. त्याची नोटीस सात दिवस आधी फलकावर लागली पाहिजे, दवंडी दिली गेली पाहिजे. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. महिलांची वेगळी सभा आधी घेतली पाहिजे. योजनांचे लाभार्थी येथे ठरतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते, तिचा हिशेब विचारण्याची जागाही हीच.

आता यात मेख कोठे आहे ती पाहा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेची बातमी लोकांना कळलीच नाही, तर दुसऱ्या सभेत दहा-बारा माणसे बसून सारे ठराव करू शकतात, आणि ते कायदेशीर असतात. येथे कोणाला मारावे लागत नाही, कोणाला अडवावे लागत नाही. नुसते सांगायचे नाही, एवढे पुरते. पूर्वी बातमी सांगण्याची सक्ती करून माणसाला राबविले गेले. आता बातमी न सांगून त्याला बाहेर ठेवता येते. दोन्ही वेळा बातमीची मालकी एकाच बाजूला आहे.

न सांगण्याच्या रीतीही ठरलेल्या आहेत. फलक पंचायतीच्या आत असतो आणि पंचायतीला कुलूप असते. दवंडी देवळापासून सुरू होते आणि बाजारपेठेत संपते. ध्वनिक्षेपक देवळाच्या शिखरावर असतो आणि त्याचे तोंड गावाकडे असते. अलीकडे गावाचा एक व्हॉट्सॲप गट असतो. त्यात वाढदिवस, यात्रेची वर्गणी, श्रद्धांजली हे सर्व येते आणि त्याच गर्दीत कधीतरी सभेची नोटीसही येते. ज्याच्याकडे तसा फोन नाही, ज्याला गटात घेतलेले नाही, किंवा जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाल्यावर ज्याला गटातून काढून टाकले, त्याच्यापुरती ती नोटीस निघालीच नाही. आणि वस्तीतील बाईच्या हातात तर बहुधा फोनही दुसऱ्याचा असतो. नंतर विचारले तर उत्तर तयार असते: ‘‘गटावर टाकलं होतं की.’’

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, ती अनेकांना आजही बोचते. खेडे हा घटनेचा पाया न मानता व्यक्तीला पाया मानले, यात त्यांना समाधान होते. पुढे पंचायतीला घटनेत जागा मिळाली. मग प्रश्न असा उरतो की, त्या पंचायतीत व्यक्ती खरोखर पोहोचते काय? ती पोहोचावयाची असेल तर पहिली अट म्हणजे तिला वेळेवर कळले पाहिजे.

७

यावर उपाय काय, असे वाचक विचारतील. चळवळीची मोठी भाषा येथे टाळून दोनचार साध्या गोष्टी सांगतो. त्या आमच्या वस्तीत आम्ही काही वर्षे करीत आहोत.

विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर आम्ही काळा रंग देऊन एक फळा केला. खर्च खडूचा आणि रंगाचा. त्यावर डाव्या बाजूला वस्तीचे वर्तमान असते: कोणाकडे मूल झाले, कोण गेले, कोणत्या मुलीने दहावी-बारावी पार केली, कोणाचे लग्न कोठे आहे, जयंतीची वर्गणी किती जमली आणि कशावर खर्च झाली. उजव्या बाजूला सरकारी वर्तमान: ग्रामसभेची तारीख, यादीची मुदत, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. दर सोमवारी वस्तीतील एक मुलगा किंवा मुलगी पंचायतीत जाऊन फलक वाचून येते. फलक नसेल तर ग्रामसेवकाला विचारते. ही पाळी आहे. परंतु ती आम्ही आमच्यासाठी लावलेली पाळी आहे आणि ती मुला-मुलींत सारखी वाटलेली आहे. फळ्यावरील मजकूर संध्याकाळी मोठ्याने वाचला जातो, कारण वाचता न येणारी माणसे अजून आहेत.

आरंभी यात आमचीही एक चूक झाली, ती लपविण्यात अर्थ नाही. फळा विहारावर होता, म्हणून तो बौद्ध घरांपुरता राहिला. मातंगांची सात घरे ओढ्याच्या पलीकडे आहेत. एका घराची विधवा बाई एका योजनेच्या यादीतून राहिली. तिला तारीख कळली नव्हती. आमच्या फळ्यावर ती लिहिलेली होती. तिने आमच्यापैकी एकाला विचारले, ‘‘तुमी तर वाचलं हुतं नव्हं, भाऊ? मग येऊन सांगाया काय झालं?’’ याला उत्तर नव्हते. गावाने आमच्याशी जे केले, तेच आम्ही न मारता, न बोलता तिच्याशी केले होते. पुढच्या महिन्यात ओढ्यापलीकडे दुसरा फळा झाला, आणि दोन्हीकडचा मजकूर एकच असतो.

तिसरी गोष्ट वहीची. प्रत्येक ग्रामसभेची दवंडी आली की नाही, नोटीस कधी लागली, सभा कितीला सुरू झाली, किती माणसे होती, तहकूब झाली का, हे आम्ही एका वहीत तारखेसह लिहितो. त्याचा उपयोग दोन वेळा झाला. ‘दवंडी दिली’ असे इतिवृत्तात लिहिलेले होते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून आम्ही इतिवृत्ताची प्रत मागितली आणि वही समोर ठेवली. गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार गेली. कोणाला शिक्षा झाली असे नाही. परंतु पुढच्या सभेची दवंडी ओढ्यापर्यंत आली. देणारा पोरगा संकोचून उभा होता. आमच्या एका म्हाताऱ्याने त्याला आत बोलावले, चहा दिला आणि पुन्हा एकदा नीट सांगायला लावले.

जुनी व्यवस्था ज्याच्याकडून सारे काही वदवून घेत होती, त्याच्याजवळ स्वतःची वही नव्हती. त्याची साक्ष हवी तेव्हा घेतली जाई आणि नको तेव्हा पुसली जाई. माझ्या आजाला शंभर माणसांची मरणतिथी पाठ होती. त्याची स्वतःची आम्हाला नक्की सांगता येत नाही. आजी ‘‘आखाडाच्या तोंडाला’’ म्हणे, एवढेच. वस्तीच्या वहीचे पहिले पान आम्ही त्यामुळेच वस्तीतून गेलेल्या माणसांसाठी ठेवले आहे. जेवढ्या तारखा मिळाल्या तेवढ्या लिहिल्या आहेत. ज्यांच्या मिळाल्या नाहीत, त्यांची नावे लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे.